मदत हवी आहे: तिबिलिसीच्या बाजारातली कोसॅक शाश्का खरी की बनावट?

नमस्कार मंडळी,

माझा भाचा जॉर्जियात तिबिलिसीला एमबीबीएस करतोय. तिथल्या 'कोरड्या पुला'वर जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, त्यात त्याला एक शाश्का, म्हणजे थोडी वाकडी, एकधारी तलवार, दिसली. फोटो पाठवून विचारतोय, "मामा, घेऊ का तुझ्यासाठी?" विक्रेता म्हणतो, झारच्या सैन्यातल्या कोसॅक (घोडेस्वार लढवय्ये) अधिकाऱ्याची आहे, १८८१ च्या नमुन्याची. किंमतही झारला शोभेल अशीच!

मला कळतात त्या आपल्याकडच्या तलवारी. धोप, फिरंग हाताळल्या आहेत, पण ही जात निराळी. फोटोत दिसतं ते असं: एकधारी पातं, वाक अगदी थोडा, रुंद पन्हळ. लाकडी मुठीवर तिरक्या खाचा, टोकाला दुभंगलेली पितळी बोंडी आणि तिच्यावर झिजलेला ठसा, चांदणीसारखा वाटतो. लाकडी म्यानाला कातडं चढवलंय आणि बाहेरून काहीतरी खोचायला पितळी खोबणी आहेत. परज (मुठीपुढची आडवी पट्टी) नाही, गज (बोटांवरून जाणारी पट्टी) नाही. वार अडवायची वेळ आली तर बोटं शाबूत राहणार कशी?

विक्रेत्याचं कितपत खरं मानायचं? आणि घेतलीच तर भारतात आणता येईल का?

प्रतिसाद १

आधी बोटांचं. शाश्का मुळात कोसॅकांची नाहीच, ती कॉकेशसमधल्या चेर्केस लोकांची. १८१७ ते १८६४ रशियाचं कॉकेशसमधलं युद्ध चाललं, त्यात सीमेवरच्या कोसॅकांनी ज्यांच्याशी लढले त्यांचाच पोशाख घेतला, छातीवर काडतुसांच्या नळ्या असलेला चेर्केस्का, आणि त्यांचं हत्यारही. कुबान आणि तेरेक कोसॅक तर लांबून चेर्केसच वाटायचे.

हे हत्यार पट्टेबाजीचं नव्हे, पहिल्या घावाचं. म्यान लटकतं ते धार वरच्या, मागच्या अंगाला ठेवून. त्यामुळे उपसणं आणि तोडणं एकाच झटक्यात होतं. परज नसल्यामुळे मूठ हलकी राहते, तोल टोकाकडे जातो आणि घोड्यावरून मारलेला वार खोल बसतो. वार अडवत बसण्यापेक्षा घोडा वळवायचा, हा त्यांचा हिशेब. अस्सल कॉकेशियन शाश्केत मूठसुद्धा बोंडीपर्यंत म्यानात जाते, म्हणजे अंगावरच्या लोकरी झग्यात अडकत नाही. दागेस्तानातल्या कुबाची गावच्या चांदीकामाच्या मुठी-म्यानं पाहा कधी, डोळे निवतात.

रशियन सैन्यात १८८१ ची सुधारणा झाली ती जनरल गोर्लोव यांच्या हातून. ड्रॅगून घोडदळाच्या शाश्केला हात झाकणारा पितळी गज दिला, कोसॅकांची मात्र बिनगजाचीच ठेवली. इथेच तुमच्या विक्रेत्याची गोष्ट फसते. म्यानावरची ती खोबणी संगिनीची आहेत. झारच्या काळात ती ड्रॅगून शिपायांच्या म्यानावर असत. कोसॅकांना संगिनीच नव्हत्या, तर खोबणी कशाला? आणि अधिकाऱ्याच्या म्यानावर तर नाहीच नाही. बिनगजाची मूठ, संगिनीची खोबणी आणि चांदणी एकत्र आली की माझं बोट १९२७ च्या सोव्हिएत नमुन्याकडे जातं. तो १८८१ च्या कोसॅक शाश्केवरूनच बेतलेला होता, लाल सैन्याच्या घोडदळासाठी. चांदणीत कोयता-हातोडा दिसतोय का ते भिंगातून बघायला सांगा. मुठीजवळ पात्यावर सालाचा शिक्का असतो, त्याचाही जवळून फोटो हवा.

वस्तू बनावट आहे असं नाही म्हणत मी. रशियातल्या झ्लातोउस्तच्या शस्त्र कारखान्यातली असेल तर पोलाद उत्तमच. पण झारची किंमत कशाला मोजायची? आणि शिक्काही नंतर मारता येतो. ठशाच्या कडा ताज्या आणि बाकी पातं जुनाट दिसलं, तर सरळ पुढे चालायचं. दागेस्तानातल्या किझल्यारला आणि झ्लातोउस्तला आजही नव्या शाश्का बनतात, त्या रापवून जुन्या म्हणून खपवणारे भेटतात.

प्रतिसाद २

दादा, आणायचं म्हणाल तर आधी कागद, मग पैसे. जुन्या वस्तू जॉर्जियाबाहेर न्यायला तिथल्या संस्कृती खात्याचा दाखला लागतो. इकडे धारदार तलवार शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कक्षेत येते, त्यामुळे कस्टम्सकडून आधीच लेखी विचारून घ्या. भाच्याला सांगा, "बॅगेत घालून आणतो" हा विचारही नको. शिकायला गेलेलं पोर विमानतळावर अडकायचं.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. भाच्याने नवे फोटो पाठवलेत. चांदणीत कोयता-हातोडा स्पष्ट आहे आणि पात्यावर १९३६ चा शिक्का. विक्रेत्याला दाखवल्यावर तो हसला आणि किंमत निम्म्यावर आली. कागदांचं मी कस्टम्सला विचारतोय.

एकच शंका उरली. म्यानावरचा आणि पात्यावरचा क्रमांक जुळत नाही. लष्करी शाश्केत हे चालतं, की दोन वेगळ्या तलवारींची जोडणी समजायची?