गुडघे दुखतात म्हणून चालणं बंद?
कुणी कुणी सांगतात की संधिवात असेल तर गुडघ्यांना पूर्ण विश्रांती द्यावी. कृपया असं करू नका. कूर्चेत, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेल्या गुळगुळीत गादीत, रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण सांध्यातल्या वंगणातून होतं आणि ते हालचालीनेच तिच्यात झिरपतं. मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्यावरचा ताण कमी होतो. उताणं झोपून एक पाय सरळ ठेवून वीतभर उचला, 5 सेकंद धरा, सावकाश खाली आणा. सुरुवातीला 10 वेळा पुरे. आखडलेल्या सांध्याला शेक, सुजलेल्याला बर्फ, तोही कापडात गुंडाळून. वजन जास्त असेल तर 1 किलो घटलं तरी प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे 4 किलोंनी हलका होतो! मात्र सकाळचा ताठरपणा तासभर टिकत असेल, बोटांचे सांधे सुजत असतील, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता आधी संधिवाततज्ज्ञांना दाखवा.