मुलगा १४ पूर्ण, लहानपणापासून स्टेरॉइड, वयात येण्याची चिन्हं नाहीत – मदत हवी आहे

नमस्कार. माझ्या मुलाला चौथ्या वर्षी नेफ्रोटिक सिंड्रोम (किडनीतून लघवीवाटे प्रथिनं वाहून जाण्याचा आजार) झाला. सकाळी डोळे सुजलेले, लघवीला फेस, लघवीच्या तपासणीत अल्ब्युमिन (प्रथिन) ३+. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड लगेच सुरू झालं: सहा आठवडे रोज, नंतर सहा आठवडे दिवसाआड. सूज उतरली, पण पुढे साधी सर्दी झाली तरी रिलॅप्स यायचा (आजार उलटायचा) आणि डोस पुन्हा वर जायचा. स्टेरॉइड कमी करता यावं म्हणून मधे लेव्हामिसोल हे औषध झालं, आता मायकोफेनोलेट चालू आहे. गेलं वर्षभर लघवी स्वच्छ आहे आणि प्रेडनिसोलोन अगदी कमी, दिवसाआड. त्या बाबतीत आम्ही समाधानी आहोत.

आताची काळजी वेगळी आहे. वर्गातल्या मुलांचे आवाज फुटलेत, मिसरूड आलंय. हा अजून पाचवीतला वाटतो. उंची १३८ सेंमी. एसटीत कंडक्टर न विचारता हाफ तिकीट फाडतो आणि हा दरवेळी "काका, फुल द्या" म्हणून सांगतो. घरी येऊन एक शब्द बोलत नाही, पण परवा मला म्हणाला, "गोळ्या बंद केल्या तर मी वाढेन का?" माझ्या पोटात गोळाच आला. इतकी वर्षं स्टेरॉइड घेणाऱ्याच्या अॅड्रिनल ग्रंथी (शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवणाऱ्या) सुस्तावलेल्या असतात, एकदम बंद करणं जिवावर बेतू शकतं, हे त्याला समजावलं. पटलं की नाही कोण जाणे.

डॉक्टरांनी डाव्या हाताचा एक्सरे काढला. हाडांचं वय साडेअकरा निघालं. त्यांच्या मते ही त्यातल्या त्यात चांगली बाब, कारण वाढीला अजून वाव आहे. वृषणांचं आकारमान ३ मिली आहे. ४ मिली झालं की वयात येण्याची सुरुवात धरतात. आता एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे (हार्मोनतज्ज्ञ) पाठवलंय, पुढच्या महिन्यात भेट आहे.

मला समजलंय ते असं: स्टेरॉइड हाडांच्या वाढणाऱ्या टोकांवर थेट परिणाम करतं, शिवाय मेंदूकडून वृषणांना जाणारा संदेशही मंदावतो. चूक असेल तर सांगा.

टेस्टोस्टेरॉनची छोट्या डोसची इंजेक्शनं कुणाच्या मुलाला दिली आहेत का? त्याने हाडं लवकर जुळून उंची खुंटते का, ही मुख्य भीती. भेटीला जाताना कोणते रिपोर्ट हाताशी ठेवू? आणि मुलाशी या विषयावर बाबांनी बोलावं की डॉक्टरांनी?

कृपया उंची वाढवायच्या पावडरी, काढे, भस्मं सुचवू नका. किडनीचा पेशंट आहे.

प्रतिसाद:
ताई, मी बालरोगतज्ज्ञ आहे. तुमची समजूत बरोबर आहे. मुलांमध्ये १४ पूर्ण होऊनही सुरुवात नसेल तर उशीर म्हणतात, त्यामुळे तपासणी योग्य वेळी होतेय. सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे आजवरच्या उंची-वजनाच्या नोंदी. जुन्या फाइलींतून तारखांसकट उतरवून काढा. रक्तात सकाळचे एलएच, एफएसएच (मेंदूकडून वृषणांना संदेश नेणारी हार्मोन्स), टेस्टोस्टेरॉन, तसंच थायरॉइड, ड जीवनसत्त्व आणि सकाळी आठचं कॉर्टिसॉल (अॅड्रिनल ग्रंथींचं हार्मोन) सांगतील. थायरॉइड आणि ड जीवनसत्त्व लघवी स्वच्छ असतानाच बघावं, कारण प्रथिनांबरोबर तेही वाहून जातं आणि आकडे फसवतात. इंजेक्शनं बहुधा महिन्याला एक, तीन ते सहा महिने देतात आणि नंतर शरीर स्वतः सुरुवात करतंय का ते पाहतात. कमी डोसात, हाडांच्या वयावर लक्ष ठेवून दिली तर शेवटच्या उंचीला सहसा धक्का लागत नाही. सायक्लोफॉस्फमाइड (याच आजारात कधीकधी देतात ते औषध) कधी दिलं होतं का? ते वृषणांवर परिणाम करू शकतं, म्हणून भेटीत आधी सांगा. ताप, उलट्या किंवा ऑपरेशनच्या वेळी स्टेरॉइडचा डोस किती वाढवायचा, हे लिहूनच घ्या. आणि मुलाला काही मिनिटं डॉक्टरांसोबत एकटं बसू द्या. या वयातली मुलं आईसमोर विचारत नाहीत.

धागाकर्ती:
मनापासून आभार, खूप धीर आला. सायक्लोफॉस्फमाइड कधीच दिलेलं नाही, फाइल पुन्हा वाचून खात्री केली. कॉर्टिसॉल मात्र आजवर एकदाही तपासलेलं नाही. प्रेडनिसोलोन दिवसाआड असल्याने रक्त गोळी नसलेल्या दिवशी द्यायचं, की गोळीच्या दिवशी गोळीआधी दिलं तरी चालेल?