तुमच्याही घरी अशी पणजी होती का? अनुभव लिहा

लोंढावाली
चुलतभावाने काल रात्री एक फोटो पाठवला. गोव्यातल्या साष्टीतल्या चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या वहीतलं पणजीचं पान, पोर्तुगीज वळणदार अक्षर. त्याला पोर्तुगालच्या पासपोर्टसाठी कागद जमवायचेत, म्हणून ही उकराउकर. मी मात्र १९०९ हे साल वाचलं आणि तिथंच अडकले. म्हणजे पणजी खरं बोलत होती! "मानमोडीत मी नऊ वर्षांची, रोज मयताची घंटा वाजायची" असं ती १९१८ च्या तापाच्या साथीबद्दल सांगायची आणि आम्ही हसायचो, कारण रेशनकार्डावर ती तिच्या धाकट्या बहिणीपेक्षा लहान होती.

लग्न होऊन लोंढ्याला आली. पणजोबा रेल्वेत फायरमन. संध्याकाळी दिवेलागणीला आंजेलुसची प्रार्थना, मग तेर्स म्हणजे जपमाळेची प्रार्थना. तेर्स संपेपर्यंत ताटं मांडायची नाहीत. पाहुणा आला तर त्यालाही गुडघ्यावर बसवायची, मग तो विम्याचा एजंट का असेना. शेवटी वयाप्रमाणे रांगेत बेसांव म्हणजे मोठ्यांचा आशीर्वाद घ्यायचा. माझा नंबर शेवटून दुसरा, तोवर भूक मेलेली असायची.

१९५५ ला गोव्याकडची गाडी बंद झाली आणि तिचं माहेर तुटलं. घरापासून कॅसलरॉक काही लांब नाही, पण पलीकडे जाता येईना. त्याच वर्षांत तिची आई गेली. पत्र फिरत फिरत आलं, तोवर चर्चमधली महिन्याची मिस्सा, म्हणजे मृतासाठीची उपासनाही होऊन गेलेली. हिने घरीच लादाईन (गाऊन म्हणायची प्रार्थना) म्हटली, शेजाऱ्यांना उकडलेले चणे वाटले आणि दुसऱ्या दिवशी पणजोबांचा डबा भरला. १९६१ नंतर गाडी सुरू झाल्यावर गेली ती थेट कबरस्तानात. माहेरच्या घरी नंतर.

२००७ ला गेली. तुमच्याकडचं लिहा. पणजी नसेल तर आजी चालेल, शेजारीणही चालेल.

कॅम्पातला
आमची पणजी शेवटपर्यंत लॅटिनमध्येच उत्तर द्यायची. फादर मराठीत "प्रभू तुमच्याबरोबर असो" म्हणाले की सगळं चर्च मराठीत आणि ही पहिल्या बाकावरून खणखणीत "एत कुम स्पिरितू तुओ". व्हॅटिकनच्या परिषदेनंतर फादर लोकांकडे तोंड करून उभे राहायला लागले ते तिला अजिबात पटलं नाही. म्हणायची, पाद्री देवाकडे बघायचा तेव्हा आपल्याला मागे जरा डुलकी तरी काढता यायची.

गणपतगल्ली
आम्ही मराठा, पण या धाग्यावर लिहिणारच. शेजारच्या ख्रिश्चन आजींना अख्खी गल्ली "माय" म्हणायची. कुणाचं काही हरवलं की आईचा पहिला निरोप मायकडे. सेंट अँथनीला सांगा म्हणावं. आईची कानातली कुडी हरवली होती, मायने प्रार्थना केली, कुडी पिठाच्या डब्यात सापडली. तेव्हापासून आईचा मंगळवार दोन्हीकडे, सकाळी गणपती आणि संध्याकाळी मायकडे मेणबत्ती. वडील म्हणायचे, एकाने ऐकलं नाही तर दुसरा आहेच.

खानापूरची सून
लोंढावाली ताई, डबा भरल्याचं वाचून थांबलेच. कुकर लावलाय, येते जरा वेळाने.

लोकमान्य७२
पासपोर्टचं सांगतो. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांची नोंद लागते, आणि मधल्या पिढ्यांची एकेक करून करावी लागते. पणजीवरून थेट उडी नाही. तो पासपोर्ट घेतला की इथलं नागरिकत्व जातं, हेही त्याला आत्ताच सांगा. नंतर रडत बसतात.

लोंढावाली
@लोकमान्य७२ सांगितलं काका. तो म्हणतो, "बघू". आमच्या घरात बघू म्हणजे ठरलंय.

बेळगुंदीकर
वाचूलोय सगळं. आमच्याकडं कोण ख्रिश्चन नाही, पण डिसेंबर लागला की आबा विचारायचे, "नेवऱ्या आल्या काय रे?" शेजारनं दिवाळीचा फराळ न्यायचा, नाताळला तोच डबा नेवऱ्या, कुलकुल भरून परत. डबा रिकामा कधीच आला नाही बगा.

शहापूरची
नेवऱ्या म्हणजे करंज्याच की ओ त्या!

बेळगुंदीकर
व्हय, पण तेंच्या खुसखुशीत असत्यात. आईला सांगू नका.

कॅम्पातला
@शहापूरची खरा कस कुलकुलात. काट्याच्या पाठीवर पीठ दाबून गुंडाळायचं. पणजी आम्हा सगळ्या पोरांना बसवायची, आणि ज्याचं उलगडलं त्याला प्रणाम मारियाची प्रार्थना जास्तीची.

खानापूरची सून
आले. माझी नव्हे, सासूबाईंची आजी. लग्न होऊन आले तेव्हा ती नव्वदीच्या पुढं, नऊवारी, गळ्यात जपमाळ. दिसायचं कमी, मला हातावरून ओळखायची. ऐकलेली गोष्ट सांगते. १९६४ च्या डिसेंबरात मुंबईला युखारिस्ताची काँग्रेस, म्हणजे कॅथलिकांचं जागतिक संमेलन होतं आणि स्वतः पोप येणार होते. त्याच दिवसांत जुन्या गोव्यात सायबाचं, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचं शव दर्शनाला काढलेलं. पैसे एकाच ठिकाणी जाण्यापुरते. घरात दोन तट पडले. आजीने निकाल दिला, "पोप काय, पुन्हा कधीतरी येईल. सायबाला दहा वर्षं थांबावं लागतं." गेली गोव्याला. आणि पोप आलेच की, १९८६ ला, तेही गोव्यात! तोवर दुसरे पोप होते, पण आजीने ते तिच्याच हिशेबात धरलं. सगळ्यांना सांगत सुटली, बघा, मी म्हटलं नव्हतं?

गणपतगल्ली
😂😂 एक नंबर आजी

टिळकवाडी सकाळ
बेळगावच्या कॅम्पात सान्नां (तांदळाच्या वाफवलेल्या इडल्या) चांगली कुठे मिळतात? विषयांतर माफ करा, भूक लागली वाचून.

कॅम्पातला
विकतची नको. ओळख काढा आणि फेस्ताला, म्हणजे चर्चच्या सणाला कुणाच्या घरी जा.

निपाणीहून
आमच्या पणजीचं थोडं कडूही लिहिते, सगळंच गोड नको. फार धार्मिक होती आणि फार कठोर. माझ्या आत्याने दुसऱ्या धर्मात लग्न केलं, तर पणजीने बारा वर्षं तिचं नाव घेतलं नाही. मात्र रोजच्या तेर्सेत शेवटी एक प्रार्थना "वाटेवर असलेल्यांसाठी" म्हणून असायची. आम्हाला वाटायचं प्रवाशांसाठी. आत्याला बाळ झालं त्या आठवड्यात ती प्रार्थना बंद झाली आणि पणजी स्वतः बस धरून हुबळीला गेली. माफी बिफी कुणी कुणाची मागितली नाही. आत्या अजून म्हणते, मला राग आहे. तिचा तो हक्क आहे असं मला वाटतं.

खानापूरची सून
@निपाणीहून हे लिहिलंत ते बरं केलंत. आमच्याकडेही असं एक आहे, पण ती माणसं अजून हयात आहेत. 😶

शहापूरची
बारा वर्षं म्हणजे फारच हो. आत्याला माझा नमस्कार सांगा.

लोकमान्य७२
सीमाभागात म्हाताऱ्यांनी किती सरकारं पाहिली बघा. माझी पणजी ख्रिश्चन नव्हती, पण तिचंही तेच. ब्रिटिश, मग मुंबई राज्य, १९५६ ला म्हैसूर, १९७३ ला कर्नाटक. घर एकच. पत्रावर पत्ता लिहिताना दर वेळी राज्य विचारायची.

कॅम्पातला
काका, आमची तर चर्चचाही हिशेब ठेवायची. बेळगावचा धर्मप्रांत १९५३ ला वेगळा झाला, तेव्हा म्हणाली होती म्हणे, बिशप जवळ आला ते बरं, आता तक्रार चालत जाऊन करता येईल.

बेळगुंदीकर
सीमाप्रश्न काढू नका ओ, रात्र जाईल.

टिळकवाडी सकाळ
मिस्सा कुठल्या भाषेत असते बेळगावात?

कॅम्पातला
मराठी, कोकणी, कानडी, इंग्लिश, वेळा वेगवेगळ्या. पणजी कानडी मिस्सेलाही जायची. शब्द कळत नव्हते, पण बसायला जागा मिळायची.

लोंढावाली
सगळं वाचतेय, मध्येच पोळ्या. @निपाणीहून ती प्रार्थना आमच्याकडेही होती, "वाटेवर असलेल्यांसाठी". माझ्या काकाच्या नावाने असेल असं आज पहिल्यांदा मनात आलं. तो १९७० च्या सुमारास जहाजावर गेला आणि पत्रं थांबली. आईला विचारते.

निपाणीहून
विचारा. आणि कळलं तर इथे लिहा, नाही लिहिलंत तरी चालेल.

गणपतगल्ली
यंदा ३ डिसेंबरच्या सायबाच्या फेस्ताला जुन्या गोव्याला चालत जाणाऱ्यांपैकी कुणी आहे का इथे? मायच्या नातवाबरोबर चोर्ला घाटातून जायचं म्हणतोय. आई सोडत नाहीये, पन्नाशीत गुडघे जातात म्हणते.

खानापूरची सून
आमचे दीर दर वर्षी जातात. नोव्हेंबरच्या शेवटी निघतात. जाड मोजे दोन जोड, आणि नवे बूट अजिबात नको.

बेळगुंदीकर
आणि मंगळवारी निघू नका, आईला कळंल कुणाला सांगायचं ते. 😄