आईसाठी आणि घरासाठी स्मार्ट स्पीकर: एको, नेस्ट की होमपॉड?

चक्रावलेला

मंडळी, गेले पंधरा दिवस रिव्ह्यू बघून बघून डोकं भणाणलंय म्हणून शेवटी इथे विचारतोय. घरात एक स्मार्ट स्पीकर (तोंडाने सांगून काम करणारा) घ्यायचाय, अ‍ॅमेझॉनचा एको (त्यातली अलेक्सा), गुगलचा नेस्ट की अ‍ॅपलचा होमपॉड ते ठरत नाहीये. आम्ही चौघं, मी, बायको, आठ वर्षांची लेक आणि आई. आईची नजर वर्षभरात बरीच अधू झालीय, मोबाईलवरची अक्षरं दिसत नाहीत, त्यामुळे अलार्म लावणं, गाणी लावणं, नुसतं किती वाजले बघणं, सगळ्याला आम्हाला हाक मारावी लागते आणि तिला ते अजिबात आवडत नाही, मग ती हाकच मारत नाही. म्हणजे मूळ कारण ती. पण घेतोच आहे तर बाकीच्यांनाही उपयोग व्हावा.

माझा फोन अँड्रॉइड, बायकोचा आयफोन. गाणी सगळी स्पॉटिफायवर. दोन-तीन स्मार्ट बल्ब आहेत, आणखी घ्यायचा विचार आहे. यूट्यूबवर एक जण म्हणतो आवाज होमपॉडचाच, दुसरा म्हणतो प्रश्नांची उत्तरं गुगलचीच, तिसरा म्हणतो अलेक्साशिवाय पर्याय नाही. रोज वापरणाऱ्यांनी सांगा, पहिल्या आठवड्याचं कौतुक नको, सहा महिन्यांनंतरचं सांगा.

तीन_खोल्या_तीन_स्पीकर

सहा महिन्यांनंतरचं ऐका. टायमर, अलार्म, गाणी, दिवे आणि हवामान. संपलं. बाकी जे काही हजारो स्किल्स (स्पीकरला जोडायची जादा कामं) वगैरे म्हणतात ते पहिल्या रविवारी पाहुण्यांना दाखवून झालं की कुणी वापरत नाही. आणि ही पाच कामं तिन्ही कंपन्यांचे स्पीकर व्यवस्थित करतात, त्यामुळे 'कोण जास्त हुशार' हा प्रश्न घरात फारसा पडतच नाही.

प्रश्न पडतो तो तुमच्याकडे आधीपासून काय आहे त्याचा. होमपॉड सेटअप करायलाच आयफोन किंवा आयपॅड लागतो, म्हणजे घरातला स्पीकर बायकोच्या फोनच्या ताब्यात. तुम्ही अँड्रॉइडवरून त्यावर गाणं पाठवायला जाल तर साधं ब्लूटूथही चालत नाही, एअरप्ले (गाणी पाठवायची अ‍ॅपलची स्वतःची वायरलेस पद्धत) लागतं. आणि स्पॉटिफाय म्हणताय तर ते होमपॉडला तोंडाने सांगून लागत नाही, आयफोनवर लावून स्पीकरकडे ढकलावं लागतं. मग आईला काय उपयोग? अ‍ॅपल म्युझिक असतं तर गोष्ट वेगळी होती. एको आणि नेस्ट दोन्हीकडे स्पॉटिफाय डीफॉल्ट करता येतं, आयफोनवरही त्यांची अ‍ॅप्स चालतात. त्यामुळे तुमच्या घरापुरता होमपॉड माझ्या मते बाद, चांगला असूनही.

गुगल कॅलेंडर वापरत असाल तर नेस्टकडे कल ठेवा. गुगलचा स्पीकर सहा जणांपर्यंत आवाज ओळखून ज्याचं त्याचं कॅलेंडर सांगतो.

कानसेन_नाही_पण

आवाजाबद्दल थोडं, कारण यात लोक सफरचंदं आणि कलिंगडं एका तराजूत घालतात. २०२३ चा मोठा होमपॉड, त्यात चार इंची वूफर (जाड आवाजाचा भाग) आणि पाच ट्वीटर (बारीक आवाजाचे), त्याची तुलना नेस्ट मिनीशी करून 'अ‍ॅपल जिंकलं' म्हणण्यात काय अर्थ आहे, मिनीमध्ये आवाज काढणारा ४० मिलीमीटरचा एकच भाग आहे! तुलना करायची तर लहान लहानाशी, म्हणजे होमपॉड मिनी, नेस्ट मिनी, एको डॉट. आणि मधले नेस्ट ऑडिओ (७५ मिलीमीटर वूफर) आणि चौथ्या पिढीचा मोठा एको (तीन इंची वूफर), हे दोघं एकमेकांशी.

लहानांमध्ये बेस शोधू नका. बोलणं, बातम्या, जुनी गाणी याला पुरतात, आणि आईंना तेच हवंय. कोपऱ्यात किंवा कपाटाच्या बंद फळीत ठेवू नका, आवाज घुमतो आणि मायक्रोफोनलाही नीट ऐकू येत नाही. टीव्हीच्या शेजारी तर मुळीच नको.

कान_असलेली_भिंत

एवढं सगळं बोललात पण तुमच्या आईच्या खोलीत चोवीस तास मायक्रोफोन बसवताय त्याचं काय? २०१९ मध्ये तिन्ही कंपन्यांच्या बाबतीत बाहेर आलं होतं की काही रेकॉर्डिंग माणसं बसून ऐकतात. अ‍ॅपलने नंतर माफी मागितली आणि ते परवानगी दिली तरच, असं केलं. अ‍ॅमेझॉनने उलट दिशेला पाऊल टाकलं, काही मोजक्या एकोंवर 'रेकॉर्डिंग बाहेर पाठवू नका' असा पर्याय होता तो २८ मार्च २०२५ पासून काढूनच टाकला. काय ते समजा.

तीन_खोल्या_तीन_स्पीकर

@कान_असलेली_भिंत मुद्दा बरोबर आहे पण अर्धा आहे. 'अलेक्सा' वगैरे हाक ओळखायचं काम स्पीकरच्या आतच होतं, हाक ऐकू आल्यावरचं बोलणं सर्व्हरकडे जातं, सतत सगळं जात नाही. घोळ होतो तो चुकून हाक ऐकू आल्यासारखं वाटलं की, आणि ते होतंच, कुणाकडेही. उपाय म्हणजे अ‍ॅपमध्ये जाऊन रेकॉर्डिंग आपोआप पुसायची मुदत लावून टाकायची, दहा मिनिटांचं काम आहे, आळस करू नका. एकोला माईक बंद करायचं बटण आहे, नेस्ट मिनीला सरकवायचा स्विच आहे. गंमत म्हणजे प्रायव्हसीचा सगळ्यात जास्त गाजावाजा ज्यांचा त्या होमपॉडला असं बटणच नाही, तोंडाने किंवा अ‍ॅपमधून ऐकणं बंद करावं लागतं.

बाबांची_लेक

दादा, मी जरा वेगळंच सांगते कारण वरच्या सगळ्यांनी तुमच्या घरातल्या तिघांचं उत्तर दिलंय आणि आईंचं राहिलंच. माझ्या बाबांना काचबिंदू आहे, साडेतीन वर्षं ते स्पीकर वापरतायत, त्यामुळे ज्या गोष्टी कुठल्याच रिव्ह्यूत आल्या नव्हत्या त्या सांगते.

पहिली गोष्ट, हे सगळे स्पीकर दिव्यांनी बोलतात. एकोचं सांगायचं तर ऐकतोय तर निळा, माईक बंद तर लाल, काही निरोप आला तर पिवळा. आता ज्याला दिसतच नाही त्याला काय कळणार तो ऐकतोय का नाही? बाबा पहिले चार दिवस हाक मारायचे आणि लगेच बोलायला लागायचे किंवा मग बराच वेळ थांबून राहायचे आणि तोवर तो झोपी जायचा, आणि मग 'तुमचं यंत्र बहिरं आहे' असं म्हणून त्यांनी ते सोडूनच दिलं होतं. सेटिंगमध्ये हाक ऐकली की 'टुंग' आणि ऐकणं संपलं की 'टुंग' असा आवाज लावता येतो. एको, नेस्ट, होमपॉड तिन्हीला असा काही ना काही आवाज आहे, पण ते आपण शोधून चालू करायचं असतं. ते लावलं त्या दिवसापासून तक्रार बंद.

दुसरी, बटणं. हे तुम्ही दुकानात जाऊन डोळे मिटून हात फिरवून बघा, खरंच सांगते. नेस्ट मिनीचा वरचा भाग सगळा कापडाचा, आवाज कमी-जास्त करायला त्यावर ठराविक जागी टेकवायचं, ती जागा बोटाला कळतच नाही. होमपॉड मिनीचा माथा काचेसारखा गुळगुळीत. एको डॉटला वर चार बटणं आहेत, दाबली की दबतात आणि बोटाला चिन्हं जाणवतात. अलार्म वाजत असताना घशातून आवाज फुटत नसेल (बाबांना सकाळी फुटत नाही) तर एक बटण दाबून तो बंद होतो. आमच्याकडे निवड एवढ्यावरच झाली.

तिसरी, म्हातारी माणसं थांबत थांबत बोलतात. 'मला ते... काय ते... सकाळचं' एवढ्यात स्पीकर उत्तर देऊन मोकळा होतो आणि माणसाला अपमान झाल्यासारखं वाटतं. अलेक्सामध्ये बोलणं पुरं व्हायला जास्त वेळ द्यायचं सेटिंग आहे आणि तिला सावकाश बोल म्हटलं की ती सावकाश बोलते. दोन्ही करून ठेवा.

आणि औषधांसाठी रिमाइंडर लावू नका, अलार्म लावा. रिमाइंडर एक-दोनदा बोलून गप्प होतो, आई तेव्हा नळ सोडून उभ्या असतील तर गेलंच. अलार्म बराच वेळ वाजत राहतो. तरीपण स्पीकरवर विसंबून औषधं सोडू नका, नेट गेलं, वीज गेली, काहीही होतं, बाबांच्या डबीत वारांचे कप्पे आहेतच.

भाषेचंही आधी बघा. फोनवरच्या असिस्टंटला एखादी भाषा येते म्हणून स्पीकरला येईलच असं नाही, यादी वेगवेगळी असते. आईंच्या तोंडी जी वाक्यं बसतील ती दोन-तीनच ठरवा आणि प्रत्येकाचं रुटीन बनवा, म्हणजे एका वाक्यावर ठरवलेली कामं आपोआप होतात. बाबा फक्त 'गुड नाईट' म्हणतात, दिवे बंद, अलार्म लागलेला, आवाज कमी.

चक्रावलेला

ताई, मनापासून आभार. ते दिव्यांचं वाचून खरंच ओशाळल्यासारखं झालं, इतके व्हिडिओ बघितले आणि हे डोक्यातच आलं नाही. एक विचारू का, आम्ही बाहेर असताना आईच्या खोलीत डोकावता येतं ना अलेक्सातून, ड्रॉप इन की काय ते, ते वापरता का?

बाबांची_लेक

आहे, पण जपून. ड्रॉप इन म्हणजे समोरच्याने उचलायची गरजच नसते, थेट त्या खोलीतलं ऐकू यायला लागतं. मी एकदा न सांगता केलं तर बाबा त्यांच्या मित्राशी माझ्याच नवऱ्याबद्दल बोलत होते. त्यानंतर त्यांनी चार दिवस प्लग काढून ठेवला होता! आता ठरलंय, दुपारी फोन लागला नाही तरच. आईंना आधी विचारा, त्या नको म्हणाल्या तर नको.

वायरवाला

बल्बचं कुणी बोललंच नाही म्हणून. स्पीकर बदलणं सोपं, घरभर लावलेले बल्ब-स्विच बदलणं महाग, त्यामुळे नवीन जे काही घ्याल त्यावर मॅटरचं (वेगवेगळ्या कंपन्यांची स्मार्ट उपकरणं एकमेकांशी जुळावीत म्हणून केलेलं सामाईक मानक) चिन्ह बघून घ्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये मॅटरची पहिली आवृत्ती आली, अ‍ॅमेझॉन, गुगल, अ‍ॅपल तिघंही त्यात आहेत, म्हणजे उद्या पक्ष बदललात तरी बल्ब तोच चालतो. माझ्याकडे एका कंपनीचे सहा स्विच होते, नाव घेत नाही, त्यांनी आपला सर्व्हर बंद केला आणि एका रात्रीत सहाही स्विच साधे स्विच झाले. म्हणजे भिंतीपर्यंत चालत जायचं, पूर्वीसारखं.

आणि जुने बल्ब जोडताना जोडलेच जात नसतील तर ९० टक्के वेळा कारण एकच, स्वस्त बल्बांना २.४ गिगाहर्ट्झचंच वायफाय कळतं आणि फोन ५ वर असतो. राउटरमध्ये दोन्हीची नावं वेगळी करून बघा. बल्बांना नावं देताना 'दिवा १, दिवा २' करू नका, आईंच्या लक्षात राहणार नाही आणि तुमच्याही नाही.

चक्रावलेला

तीन आठवड्यांनी परत आलोय, तर अपडेट. एको डॉट घेतला, पाचव्या पिढीचा. दुकानात खरंच डोळे मिटून तिन्हींवर हात फिरवला, विक्रेता माझ्याकडे बघतच राहिला. हॉलसाठी नेस्टही घ्यायचा होता पण बायको म्हणाली एका घरात दोन दोन नावांनी हाका मारत बसायचं का, ते पटलं.

आईला 'अलेक्सा' हे नाव पटेना, म्हणून हाक बदलून 'कंप्युटर' ठेवली. ती कल्पना लेकीची. दोन दिवस टिकलं, कारण बायको घरून काम करते आणि तिच्या तोंडात दर पाच मिनिटांनी कंप्युटर असतो. मग 'एको' केलंय. ते आईला आवडलं, छोटं आहे म्हणून. टुंग टुंग लावलंय. अलार्म ती स्वतः लावते आता, चार-चार लावते, एक उठायचा आणि तीन कशाचे ते सांगत नाही.

एकच राहिलंय. ती रात्री उठली की किती वाजले विचारते आणि उत्तराने लेक जागी होते. आवाज कायमचा कमी केला तर आईला दिवसा ऐकू येत नाही. काय करू?

बाबांची_लेक

व्हिस्पर मोड चालू करा अ‍ॅपमधून. आईंनी कुजबुजत विचारलं की ती पण कुजबुजतच सांगते. पहिल्यांदा ऐकाल तेव्हा जरा दचकायला होतं, आईंना आधी सांगून ठेवा.