कळा कळल्याच नाहीत तर निघायचं कधी?

सी-५०३: नमस्कार. वहिनी व्हीलचेअरवर असते हे बहुतेकांना माहीत आहे. मज्जारज्जूची इजा टी-४ ला (छातीच्या मणक्यांपैकी चौथा), आता गरोदरपणाचा २७वा आठवडा. छातीखाली काहीच जाणवत नाही. कळा कळणार नाहीत, तर दवाखान्यात निघायचं कधी? तिला विचारूनच इथे लिहितोय. सोसायटीच्या या ग्रुपवर डॉक्टर मंडळी आहेत, म्हणून.

बी-२०४: एवढी जोखीम कशाला? सिझरची तारीख घेऊन मोकळे व्हा.

ए-१०१ (स्त्रीरोगतज्ज्ञ): काकू, थांबा जरा. गर्भाशय आकुंचन पावतं ते हार्मोनच्या जोरावर, त्याला मेंदूचा हुकूम लागत नाही. त्यामुळे नॉर्मल प्रसूती होऊ शकते. जोर लावायला पोटाचे स्नायू साथ देत नाहीत, म्हणून शेवटी बाळाला ओढून घ्यायला व्हॅक्यूम किंवा फोर्सेप्स (चिमटा) लागू शकतात, इतकंच. सिझर करायचं ते नेहमीच्या कारणांसाठी, किंवा बीपी कशानेच आवरत नसेल तर. व्हीलचेअर हे सिझरचं कारण नव्हे.

ए-१०१: आता मूळ प्रश्न. गर्भाशयाच्या कळांची जाणीव टी-१० ते एल-१ (छातीच्या खालच्या मणक्यांपासून कमरेच्या पहिल्या मणक्यापर्यंत) या नसांतून वर जाते. इजा त्याच्या वर आणि पूर्ण असेल तर कळ ‘दुखत’ नाही. पण शरीर दुसरीकडून सांगतं. पायातले झटके अचानक वाढतात, श्वास भरून येतो, अंगावर काटा येतो, मानेला-कपाळाला घाम फुटतो, डोकं ठणकतं. आणि हे थांबून थांबून, ठरावीक अंतराने होतं. ते अंतर घड्याळ लावून बघायचं.

सी-५०३: आणि हाताने?

ए-१०१: हाताने तर बघायचंच. २८व्या आठवड्यापासून रोज दोनदा. आधी मूत्राशय रिकामं करायचं, डाव्या कुशीवर पडायचं आणि बोटांची टोकं पोटाच्या वरच्या भागावर टेकवून तासभर ठेवायची. एरवी पोट गालासारखं मऊ लागतं. कळ चढायला लागली की नाकाच्या शेंड्यासारखं आणि भरात आली की कपाळासारखं. टणक झालं ती वेळ आणि सैल पडलं ती वेळ लिहून ठेवा. ३७ आठवड्यांच्या आत दर १० मिनिटांनी किंवा त्याहून लवकर टणक होत असेल तर फोन करत बसू नका, निघा. इजा मानेच्या पातळीवरची असेल आणि बोटांत जोर नसेल तर हा हात घरच्या माणसाचा.

ए-१०१: एक चकवा आहे. बाळाभोवतीचं पाणी गेलं तरी सगळे समजतात लघवी गळाली. स्वच्छ पॅड लावा, रंग बघा, वास घ्या. लघवीचा वास नाही आणि पॅड परत परत भिजतंय, तर ते पाणी. शंका असेल तर पाणी गेलंय असंच धरून चला. या बायकांमध्ये वेळेआधी प्रसूतीची शक्यता जास्त असते, म्हणून गर्भाशयाचं तोंड वरचेवर तपासतात. ३६-३७ आठवड्यांत आधीच दाखल व्हायचं का, हे आत्ताच विचारून ठेवा.

डी-४०२ (भूलतज्ज्ञ): कळा कळल्या नाहीत याहून मोठी भीती वेगळी आहे. ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया. इजा टी-६ ला किंवा त्याच्या वर असेल तर हे नाव घरातल्या प्रत्येकाला पाठ हवं. इजेच्या खाली काही टोचलं, ताणलं, भरलं की खालच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि बीपी उसळतं. मेंदू सैल सोडायचा निरोप धाडतो, तो इजेपाशी अडतो. मग वर चेहरा लाल, नाक चोंदलेलं, डोकं फुटेल असं दुखणं, नाडी मंद, आणि खाली पाय गार, फिकट. वेळेत आवरलं नाही तर फिट किंवा मेंदूत रक्तस्राव. भरलेलं मूत्राशय, मुडपलेली कॅथेटरची (लघवी काढायची) नळी, साठलेली शी, अंगठ्यात रुतलेलं नख, आतून केलेली तपासणी, यातलं काहीही ते पेटवू शकतं. आणि कळा म्हणजे तर दर काही मिनिटांनी येणारी काडीच.

ई-३०३: पण बाळंतपणात डोकं दुखतंच की हो थोडंफार.

डी-४०२: दुखतं. पण हिचं दुखलं की आधी बीपी, मग गप्पा. हिचं रोजचं बीपी किती असतं?

सी-५०३: ९५/६० च्या आसपास.

डी-४०२: मग १३० हे तिच्यासाठी भयंकर जास्त, आणि वॉर्डमधल्या नवख्या माणसाला ते अगदी नॉर्मल दिसणार. रोजच्यापेक्षा वरचा आकडा २० ते ४० ने चढला की धोक्याची घंटा. आजपासून रोज बसून मोजा आणि वहीत लिहा. ती वही सोबत न्यायची. दुसरा गोंधळ म्हणजे गरोदरपणातलं वाढलेलं बीपी समजून भलतेच उपचार होतात. कळेबरोबर चढतं आणि कळ ओसरली की उतरतं ते डिसरिफ्लेक्सिया. दोन कळांमध्येही चढलेलंच राहिलं, लघवीत प्रोटीन सापडलं, तर ते दुसरं. क्वचित दोन्ही एकत्र असतात, म्हणून रक्त-लघवी तपासायचीच.

सी-५०३: घरी असं झालं तर काय करायचं?

डी-४०२: आडवं करू नका! घाबरून सगळे तेच करतात. सरळ बसवा, पाय खाली सोडा, म्हणजे रक्त पायांकडे उतरतं. पोटपट्टा, मोजे, घट्ट नाडी, सगळं सैल. मग नळी वरपासून खालपर्यंत बोटांनी चाचपा, मुडपली असेल तर सोडवा, पिशवी भरली असेल तर रिकामी करा. नळी नसेल तर लिग्नोकेन जेली (बधिर करणारी) लावून किमान २ मिनिटं थांबा आणि मगच कॅथेटर घाला, नाहीतर घालण्यानेच आणखी भडका. शीही तशीच, जेली लावून, हळू. दर ५ मिनिटांनी बीपी. उतरत नसेल तर डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी आणि लगेच दवाखाना. उतरलं तरी पोटावर हात ठेवून बघा, कारण कदाचित ती कळच होती.

डी-४०२: प्रसूतीत यावरचा सगळ्यात चांगला उपाय एपिड्युरल, म्हणजे पाठीत बारीक नळी घालून दिलेली भूल, दुखत नसलं तरी. खालून वर जाणारी ठिणगीच ती अडवते. कळा सुरू होताच द्यायची, आणि प्रसूतीनंतरही किमान २४ तास नळी ठेवलेली बरी, कारण नंतरही बीपी उसळतं. पाठीत रॉड-स्क्रू असतील तर सुई घालणं अवघड जातं. म्हणून ऑपरेशनचे कागद आणि एक्स-रे घेऊन भूलतज्ज्ञाला याच महिन्यात भेटा. रक्त पातळ करायचं इंजेक्शन चालू असेल तर प्रतिबंधक डोसनंतर १२ तास एपिड्युरल देत नाहीत, तेही आधी ठरवा.

बी-७०१: 🌹 सुप्रभात 🌹

सी-५०३: काका, कृपा करून आत्ता फुलं नकोत, मला हे सगळं एका जागी हवंय 🙏

एफ-१०३ (पुनर्वसन परिचारिका): माझे मुद्दे त्वचा आणि नळीचे. पोट वाढलं की मूत्राशयाला जागा उरत नाही. ४-६ तासांनी कॅथेटर घालत असेल तर आता ३-४ तासांवर आणा. एका वेळी ५०० मिलीच्या वर साठू द्यायचं नाही. शेवटी वाकून घालणं जमेनासं होतं, तेव्हा कायमची नळी ठेवावी लागू शकते. मग बाळाचं डोकं खाली उतरलं की ती दाबली जाते, म्हणून प्रसूतीच्या खोलीत कोणीतरी पिशवीवर डोळा ठेवायचा. लघवीचं कल्चर (जंतूंची तपासणी) दर महिन्याला. झटके वाढले, लघवी गढूळ झाली तर महिना भरायची वाट बघू नका.

एफ-१०३: बेडसोअर, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणारी जखम. वजन वाढतं, त्यात रक्त कमी असलं की त्वचा लवकर दगा देते. खुर्चीत दर १५-३० मिनिटांनी भार हलवायचा, अंथरुणात दर २ तासांनी कूस. दवाखान्याला आधीच सांगून पलंगावर एअर मॅट्रेस घालून घ्या. प्रसूतीचं टेबल कडक असतं, तिथेही हा नियम सुटत नाही. नळी मांडीखाली राहिली तर तासाभरात वळ उठतो. टेबलाच्या आधारांत पाय अडकवताना दोन्ही एकदम आणि सावकाश. हाडं ठिसूळ झालेली असतात, झटका आलेला पाय ओढला तर मोडू शकतो आणि तिला कळणारही नाही. लोहाच्या गोळ्यांनी शी कडक होते, शीचं वेळापत्रक आतापासूनच सांभाळा. बॅक्लोफेन (झटके कमी करणारं औषध) घेत असेल तर ‘बाळासाठी’ म्हणून मनाने अजिबात बंद करू नका. एकदम थांबवलं तर झटके, ताप, फिटसुद्धा येते. डोस डॉक्टर ठरवतील, आणि जन्मल्यावर बाळाकडे लक्ष ठेवावं लागेल हे बालरोगतज्ज्ञाला आधी सांगा.

सी-५०३: वॉर्डमध्ये दर पाळीला नवीन माणूस. सगळ्यांना हे कसं सांगायचं?

एफ-१०३: एक कागद, मोठ्या अक्षरात, पलंगाच्या डोक्याशी चिकटवायचा. असा:

‘इजा टी-४, पूर्ण. छातीखाली संवेदना नाही.
नेहमीचं बीपी ९५/६०. १२० च्या वर गेलं तर डॉक्टरांना तत्काळ बोलवा.
डोकेदुखी + घाम + लाल चेहरा = ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया. बसवा, नळी तपासा.
आतली तपासणी, कॅथेटर, एनिमा: आधी लिग्नोकेन जेली.
मिथर्जिन नको.
कूस दर २ तासांनी. गरम पिशवी लावू नये.
चालू औषधं: ____ ॲलर्जी (लेटेक्ससुद्धा विचारा): ____’

डी-४०२: मिथर्जिनची ओळ उत्तम. रक्तस्राव थांबवायला सर्रास देतात, पण ते बीपी चढवतं. ऑक्सिटोसिन चालतं. आणि सिझर संपूर्ण भूल देऊन करावं लागलं तर सक्सिनिलकोलीन (स्नायू सैल करणारं औषध) नको, रक्तातलं पोटॅशियम धोकादायक चढू शकतं. हेही लिहा.

बी-२०४: गरम पिशवी का नको? बाळंतिणीला शेक तर लागतोच ना.

एफ-१०३: काकू, भाजलं तरी तिला कळत नाही. तीच गोष्ट टाक्यांची. आरशात रोज बघायचे: लाली, सूज, पू. दूध पाजताना स्तनाग्राला चिरा पडल्यात का, तेही डोळ्यांनीच. टी-४ च्या आसपास तिथली संवेदना कमी असते, त्यामुळे दूध उतरायला वेळ लागू शकतो. बाळ लवकर छातीशी लावा आणि वरचेवर पाजा. एक पाय दुसऱ्यापेक्षा जाड किंवा गरम लागला तर रक्ताची गुठळी समजून त्याच दिवशी दाखवा.

ए-२०२ (फिजिओथेरपिस्ट): खुर्चीचं राहिलं. पोटामुळे तोल पुढे जातो, सीट अरुंद पडते. आठव्या महिन्याआधी रुंदी आणि पाठीचा कोन बघून घ्या. स्लाइडिंग बोर्डवरून एकटीने सरकणं आता बंद. पाळणा असा घ्या की खालून खुर्चीचे गुडघे आत जातील आणि कठडा बाजूला उघडेल. वरून वाकून उचलायचा पाळणा असेल तर तोल जाऊन दोघंही पडतील.

सेक्रेटरी: लिफ्टची सर्व्हिसिंग पुढच्या महिन्यात होती. ती या महिन्यात उरकून घेतो, म्हणजे शेवटच्या आठवड्यांत लिफ्ट बंद राहणार नाही. स्ट्रेचर लिफ्टमध्ये मावत नाही, व्हीलचेअर मावते.

डी-४०२: उत्तम. बसवूनच न्यायचंय तिला. वीज गेली तर?

सेक्रेटरी: जनरेटरवर सी विंगची लिफ्ट चालते, पण सुरू हाताने करावा लागतो. रात्रपाळीच्या वॉचमनला आज दाखवून ठेवतो. रॅम्पपुढचं पार्किंग ए-६०१ ची गाडी अडवते, त्यांनी कृपया इथेच उत्तर द्यावं.

ए-६०१: आत्ताच काढतो.