'नॉन-इन्व्हेसिव्ह' तपासणीला मराठीत काय म्हणावं?

सुरंगी: मी संशोधनात नवीन आहे. एंडोमेट्रिओसिसचं निदान पाळीच्या रक्तावरून करता येईल का, हे आम्ही तपासतोय. गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढतो, असा हा आजार. कुडाळ-मालवणकडच्या बायकांसाठी संमतिपत्र लिहायला घेतलंय आणि 'नॉन-इन्व्हेसिव्ह'पाशी अडलेय. मसुद्यात 'अनाक्रमक' होतं. आईने वाचून विचारलं, "म्हणजे नेमका काय करतलंस?" आईला कळलं नाही तर तो शब्द माझ्या कामाचा नाही.

देवगडकर: 'इन्व्हेसिव्ह'च्या मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ आत घुसणे. आपल्या 'आक्रमण'मध्ये चाल करून जाणं आहे, म्हणून वाचणाऱ्याला लढाई आठवते. 'छेद' म्हणजे कापणं, 'वेध' म्हणजे टोचणं. कान टोचतात तो कर्णवेध. मी 'बिनछेदी' सुचवेन. 'बिनटाक्याची नसबंदी' हा शब्द गावोगाव रुळलाच आहे, त्याच वळणाचा हा.

परिचारिका: 'बिनछेदी' ऐकायला गोड आहे, पण जपून. योनिमार्गातून करायच्या सोनोग्राफीत काही कापत नाहीत, त्यामुळे ती शास्त्रीय लेखनात नॉन-इन्व्हेसिव्हच धरतात. तरी प्रोब, म्हणजे तपासणीची दांडी, आत जातोच. लग्न न झालेली मुलगी 'बिनछेदी' वाचून सही करेल आणि टेबलावर घाबरून उठेल. तिच्या दृष्टीने आपण खोटं बोललो. रक्त काढायचं तर छेद नाही, पण सुई आहे. न कापणं, न टोचणं आणि आत काही न घालणं ही तीन वेगळी आश्वासनं आहेत. ती एका शब्दात कोंबू नका.

सुरंगी: हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आम्ही लेखांत तो शब्द सहज वापरतो. पूर्वी खात्रीचं निदान म्हणजे लॅपरोस्कोपी, आपल्याकडचं 'दुर्बिणीचं ऑपरेशन'. २०२२च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी तो आग्रह सोडला. सोनोग्राफी किंवा एमआरआयमध्ये काही दिसलं नाही, किंवा औषधांनी गुण आला नाही, तर दुर्बीण. आता असं लिहिते: "यात पोटाला छेद देणार नाही, सुई टोचणार नाही. पाळीचं रक्त तुम्ही स्वतः कपात गोळा करून द्यायचं आहे." हा मेन्स्ट्रुअल कप मात्र योनीमार्गात बसवावा लागतो, तेही स्पष्ट लिहीन. ज्यांना नको त्यांच्यासाठी पॅडवरून नमुना घेता येतो का, ते बघते.

देवगडकर: मग 'बिनछेदी' शीर्षकापुरताही नको. मागे घेतो. आणि 'विटाळ' कुठेही छापू नका, घरात कितीही रुळलेला असला तरी.

परिचारिका: 'पाळी' सगळ्यांना कळतं. 'अंगावरून जातं' म्हटलं तर बायका मोकळ्या बोलतात, तेही प्रश्नावलीत ठेवा. खरी अडचण 'दुखतं का?' या प्रश्नाची आहे. उत्तर ठरलेलं: "सगळ्यांकच दुखता." आई, सासू, सगळ्यांनी अंगावर काढलेलं, त्यामुळे ते दुखणं आजारात मोजतच नाहीत. निदानाला वर्षानुवर्षं लागतात, त्यामागे हेही एक कारण आहे. आमच्याकडे काजूच्या कारखान्यात जाणाऱ्या बायका येतात. त्यांना मी 'कळ किती येते' असं विचारत नाही. "पाळीत किती खाडे होतात?" असं विचारते. मग त्या बोटांवर मोजायला लागतात.