'इंडस्ट्री प्लेसमेंट'ला मराठीत काय म्हणावं?

रेडिंगकर
इथल्या मराठी पालकांसाठी टी लेव्हलवर एक टिपण लिहितेय. जीसीएसई (इथली दहावीसारखी परीक्षा) झाली की 16व्या वर्षी इंग्लंडातली मुलं हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम घेऊ शकतात. 2020च्या सप्टेंबरात सुरू झाला, वजन तीन ए लेव्हल्सइतकं (ए लेव्हल म्हणजे इथला बारावीच्या तोडीचा एकेका विषयाचा अभ्यासक्रम). बहुतेक वेळ वर्गात जातो, पण किमान 315 तास, म्हणजे साधारण 45 दिवस, खऱ्या कामाच्या जागी काढावेच लागतात. याला इथे 'इंडस्ट्री प्लेसमेंट' म्हणतात.

पहिल्या खर्ड्यात तोच शब्द ठेवला. साताऱ्याहून सासूबाईंनी वाचून विचारलं, "एवढ्यात नोकरी लागली पोरीला?" मग 'कार्यानुभव' केलं, तर नणंद म्हणाली, कार्यानुभव म्हणजे आमचे कागदी फुलांचे आणि पायपुसण्यांचे तास. दोन्हीकडे अर्थ निसटतोय. काय लिहू?

शब्दनिष्ठ
'कार्यानुभव'च लिहा. कोठारी शिक्षण आयोगाने (1964–66) ही कल्पना मांडली तेव्हा शाळा, घर, शेत, कारखाना, कुठेही प्रत्यक्ष उत्पादक कामात भाग घेणं त्यांना अभिप्रेत होतं. तुम्हाला हवा तो अर्थ हाच. शाळांनी तो पायपुसण्यांवर आणून ठेवला हा शब्दाचा दोष नाही.

नाशिकची मीरा
शब्दनिष्ठ काका, वाचणारा आयोगाचा अहवाल उघडून बसत नाही. त्याच्या डोळ्यांपुढे पायपुसणंच येणार. माझं मत 'उमेदवारी'ला. वकिलाकडे, छापखान्यात, पेढीवर 'उमेदवारी केली' असं आमच्या घरात सर्रास म्हणत. फारसी 'उमेद' म्हणजे आशा. पुढे काम मिळेल या आशेवर राबणारा तो उमेदवार. निवडणुकीतला अर्थ नंतरचा.

फिटर सर
आयटीआयमध्ये शिकवतो. 'शिकाऊ उमेदवार' हा शब्द कायद्यातच आहे, शिकाऊ उमेदवार अधिनियम 1961. किमान वय 14, धोक्याच्या उद्योगांत 18. पण पोरांच्या तोंडी तो कधीच नसतो. ती म्हणतात, "आयटीआय झाला, आता अप्रेंटिस करतोय."

आणि मीराताई, उमेदवारी म्हटलं की लोकांना फुकट राबणं वाटतं. कायद्याने शिकाऊ उमेदवाराला विद्यावेतन द्यावं लागतं. माझ्या एका विद्यार्थ्याला कारखान्यात महिनोन्महिने झाडू मारायला लावलं आणि वर ऐकवलं, "उमेदवारीत असंच असतं." शब्दाच्या आडून पोरांची पिळवणूक होते, म्हणून मला तो नको वाटतो.

रेडिंगकर
सर, टी लेव्हलच्या प्लेसमेंटमध्ये पगार द्यायचं बंधन नाही. काही ठिकाणी देतात, पुष्कळ ठिकाणी नाही. अप्रेंटिसशिप इथे वेगळीच; तिच्यात मूल पगारी नोकर असतं. म्हणून 'अप्रेंटिस' लिहिलं तर पालकांची फसगत होईल.

आउसबिल्डुंग
पुण्यात जर्मन शिकवतो. जर्मनीत 'दुआले आउसबिल्डुंग'मध्ये, म्हणजे दुहेरी प्रशिक्षणात, आधी कंपनीशी करार होतो, पगार पहिल्या महिन्यापासून, आणि आठवड्यातला एखाद-दोन दिवस व्यवसायशाळा. बहुतेक ठिकाणी तीन ते साडेतीन वर्षं. इंग्लंडात मूळ मुक्काम वर्गात, जर्मनीत कामावर. दोन्हींना एकच मराठी शब्द कसा चालेल? मी वर्गात 'जोडशिक्षण' वापरतो.

नाशिकची मीरा
'जोडशिक्षण' ऐकून काय जोडलंय ते कळत नाही. 'कमवा आणि शिका' का नको? कर्मवीर भाऊरावांमुळे साताऱ्याच्या सासूबाईंना तर लगेच उमगेल.

शब्दनिष्ठ
उमगेल, पण चुकीचं. कर्मवीरांच्या योजनेत मूल शेतात खपतं ते शिक्षणाचा खर्च भागावा म्हणून. इतिहासाचा विद्यार्थी वाफे खणतो. इथे काम हाच अभ्यास, आणि कमाईची खात्री नाही.

संस्कृतात याला नेमका शब्द आहे: 'अंतेवासी'. याज्ञवल्क्य स्मृतीतला अंतेवासी वेदपाठी नव्हे, कारागिराच्या घरी राहून शिल्प, म्हणजे हातची कारागिरी, शिकणारा. जेवण गुरूचं आणि कामाचं फळही गुरूला. कला लवकर अवगत झाली तरी ठरलेली मुदत त्याने तिथेच काढायची. डॉक्टरांची 'आंतरवासिता' (इंटर्नशिप) मला याच कुळातली वाटते.

फिटर सर
म्हणजे काका, तिथेही बिनपगारीच! आणि 'अंतेवासिता' छापली तर एक पालक पुढे वाचणार नाही. माझ्याकडची पोरं सुरुवातीचे आठवडे लोखंडाचा तुकडा कानसीने घासतात, गुण्या लावून काटकोन तपासतात, फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासतात. हे करणाऱ्याचे आईबाप ज्या मराठीत बोलतात त्या मराठीत लिहा. 'कामाच्या ठिकाणी शिकण्याचे 45 दिवस'. सहज कळतं. एका शब्दाचा हट्ट कशाला?

शब्दनिष्ठ
हट्ट अशासाठी की प्रत्येक वेळी वाक्य लिहीत बसलो तर शब्द घडणारच नाही, आणि दहा वर्षांनी मराठीत फक्त 'प्लेसमेंट' उरेल.

आउसबिल्डुंग
आत्सुबी, म्हणजे तिकडचा प्रशिक्षणार्थी, हा शब्द जर्मनांनी लांबलचक नाव तोडून बनवला आणि तो रोजच्या बोलण्यात रुळला. आपल्याकडे असं आखूड कुणी केलंय का?

फिटर सर
अप्रेंटिसचं आमच्या एमआयडीसीत 'अप्रेंटी' झालंय.

नाशिकची मीरा
आमच्याकडे सुताराच्या हाताखालच्या पोराला 'हातकरी' म्हणताना ऐकलंय. हा शब्द आणखी कुणी ऐकलाय का? विदर्भात, कोकणात?